सांगली नावाचं वळण

"हिंगोली? तिथं काय आहे बघण्यासारखं?"

निघायच्या आधी हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी मी खरं काय ते सांगायला लागले. "कचरा आहे. तो उचलायला चाललेय." यावर लोक हसत आणि विषय बदलत. नवरा मात्र हसला नाही. माझ्या पर्समध्ये रस्त्यावरून उचललेले परक्यांच्या चॉकलेटचे कागद, बसची तिकिटं, आइस्क्रीमच्या काड्या कायम सापडतात, हे त्याला लग्नापासून माहीत आहे. "सांगलीतला संपला का?" एवढंच त्यानं विचारलं.

झालं होतं असं, की माझी मामेबहीण शालू नवऱ्याच्या बदलीमुळे हिंगोलीला राहायला गेली होती. नवा जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. तिथं तिनं सकाळी फिरायला जाणारी पाच-सहा माणसं जमवली होती. दर रविवारी ही मंडळी वनखात्यानं डोंगरावर केलेल्या एका उद्यानात जाऊन पायवाटेवरचा कचरा वेचत. शालूचं पत्र आलं: "ताई, शिवरात्रीची जत्रा झाली. डोंगराकडे बघवत नाही. तू पोस्टातून सुटलीस ना आता? ये." पार्सलच्या खिडकीवर नोकरी करून मी नुकतीच सेवानिवृत्त झाले होते. कुणीतरी आपल्याला कामासाठी बोलावतंय हे वाचूनच मला इतकं बरं वाटलं, की त्याच संध्याकाळी जाऊन भडंगाची सहा पाकिटं घेऊन आले. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय पाहुणा जात नाही.

वारंगा फाटा

नांदेडला गाडीतून उतरून एस.टी.नं निघाले, ती वारंगा फाट्यावर चहाला थांबली. भजी खाल्ली, अप्रतिम होती. खाऊन झाल्यावर हातातला तेलकट कागद कुठं टाकू म्हणून हॉटेलवाल्याला विचारलं, तर त्यानं हात फिरवून समोरचा अख्खा माळ दाखवला.

"टाका की कुटंबी. लई जागा हाय."

"टोपली नाही का?"

"टोपली काहून लागते बाई? वारा हाय ना, तो नेते बराबर."

मी कागद पर्समध्ये टाकला. तो माझ्याकडे काळजीनं बघत राहिला. पैसे देताना त्यानं हळूच विचारलं, "भजी संग न्यायची व्हती का? बांधून देतो ना दुसरी." आणि खरंच चार भजी बांधून दिली, वर पैसे घेतले नाहीत. मराठवाड्यात पुढं पंधरा दिवस मला हाच अनुभव आला. माझं वागणं लोकांना कळत नव्हतं, पण त्याची शंका ते मला खायला घालून मिटवत.

कुरुंदा

शनिवारी शालूच्या ओळखीच्या एका घरी कुरुंद्याला गेलो. हळद शिजत होती. आमच्या सांगलीत हळद म्हणजे पोत्यात भरलेली, पिवळीधमक, सौद्याला आलेली. ती आधी मातीनं माखलेली असते, भल्यामोठ्या कढईत उकडावी लागते, मग अंगणभर वाळत पडते, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. वाफेचा वास केसांत बसला तो दोन दिवस गेला नाही. घरच्या काकूंनी गरम धपाटे आणि दह्याची वाटी पुढं ठेवली. मी सांगलीची आहे म्हटल्यावर त्या एकदम मोकळ्या झाल्या.

"आमची हळद जाते की तुमच्या सांगलीला! आमी न्हाई पायलं सांगली, पण आमच्या हळदीनं पायलं."

मला हे फार आवडलं. सारं आयुष्य मी गावांची नावं पार्सलांवर वाचत आले. आपल्या गावाचं नाव दुसऱ्याच्या अंगणात असं ऐकायला मिळेल, हे काही मनात आलं नव्हतं.

डोंगर

रविवारी सकाळी डोंगरावर. पळस नुसता पेटलेला होता. फाटकापाशी सिमेंटचे दोन हत्ती, चार बाकं, आणि फाटकाला लागूनच एक तांडा, पंचवीस-तीस घरांचा. तांड्यातल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता ही मंडळी शेती करतात. तांड्यापासून पायवाट वर महादेवाच्या देवळाकडे जाते आणि देवळामागून पलीकडच्या उतारावर, तांड्याच्या शेतांत उतरते. वाटेला चार मोठी वळणं आहेत. शेवटचं वळण एका जुन्या दगडाच्या खदानीच्या काठानं जातं.

आणि या सगळ्यावर जत्रा पसरली होती. द्रोण, सुपारीच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, फुटक्या चपला, कुरकुरीत खाऊची पाकिटं. सगळ्यांनी मिळून वाट वाटून घेतली. मी हट्टानं वळणावळणाचा वरचा भाग मागून घेतला, एरवी ही मंडळी तितकं वर जात नसत.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. वळणांवरच्या बोरी-बाभळींना काही कचरा बांधलेला होता. उडून अडकलेला नव्हे, बांधलेला. पहिल्या वळणावर सुपारीच्या पुड्यांची माळ, दुसऱ्यावर दुधाच्या जाड पिशव्या, तिसऱ्यावर दोन झाडांच्या मध्ये ताणलेली कॅसेटची काळी फीत, आणि खदानीपाशी खाऊची मोठी चकचकीत पाकिटं. पार्सलच्या खिडकीवर जन्म गेल्यामुळे गाठ मला कळते. ती घाईची गाठ नव्हती. दोन वेढे घेऊन, टोक आत दाबून, सावकाश मारलेली गाठ होती. एवढं कळूनही मी कुणाला विचारलं नाही. टवाळ पोरांचे धंदे, असं म्हणून पर्समधली कात्री काढली आणि सगळ्या गाठी कापून टाकल्या. कापताना मला चांगलंच समाधान वाटत होतं, हेही सांगते.

संध्याकाळी फाटकापाशी अकरा पोती भरली. ट्रॅक्टर दोन दिवसांनी येणार होता. जागा अडते म्हणून आमच्यातल्याच एकानं दोन पोती पेटवून दिली. मी वळून डोंगराकडे पाहिलं. लख्ख दिसत होता. शालूला म्हटलं, "आता झोप लागेल."

आज वारा न्हाई का

सोमवारी सकाळी शालू आणि मी उरलेला पलीकडचा उतार करायला पुन्हा गेलो. वारा इतका होता की पदर सावरता सावरत नव्हता. तिसऱ्या वळणाच्या पुढं घाणेरीच्या जाळीत काहीतरी हललं. मला वाटलं डुक्कर. जवळ गेले तर एक म्हातारा माणूस काट्यांत बसलेला. पांढरं धोतर, मोठं लाल पागोटं, हातात लांब काठी, गालावर आणि हातांवर ओरखडे. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे बघत नव्हते.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

मी आमची नावं सांगितली.

"बाई, आज वारा न्हाई का?"

मला वाटलं, पडल्यामुळे चक्कर आली असेल. "आहे की बाबा. चांगला सुटलाय."

"व्हय, अंगाला लागून राहिला. मग वाजून काहून न्हाई राहिलं?"

काय वाजत नाही, हे मला अजून कळलं नव्हतं. शालूला कळलं. तिनं माझा दंड धरला तेव्हा मलाही कळलं.

त्यांना हात देऊन बाहेर काढलं, वाटेवरच्या दगडावर बसवलं. तेवढ्यात मागून म्हाताऱ्याची भावजय आली, फुलाबाई, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. तिनं म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं, झाडांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पुढची हकिगत तिच्याकडून कळली.

म्हाताऱ्याचं नाव धावजी. तांड्यात सगळे त्यांना बापू म्हणत. डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी रोज सकाळी डोंगर ओलांडून ते एकटे शेतावर जात आणि ज्वारीची राखण करत. पाखरं कणसावर बसली की पंखांच्या आवाजानं त्यांना कळे आणि ते डबा बडवत. "ते डोळ्याचं काम न्हाई, कानाचं हाय," बापू म्हणाले. जाता-येताना कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी वाटेवर आवाज बांधले होते. वाऱ्यावर पुड्यांची माळ खुळखुळते, दुधाच्या पिशव्या फटफट करतात, फीत गुणगुणते, पाकिटं खरखरतात. चार आवाज, चार वळणं. वारा पडला की काठी वर करून हलवायचं. आदल्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून ते घरीच राहिले होते; आज पहिली दोन वळणं अंदाजानं काढली आणि तिसऱ्याला चुकले.

"पण कचराच का बांधलात? घंटा बांधायच्या," मी विचारलं. मला माझी चूक कुठंतरी वाटून द्यायची होती, दुसरं काय.

"बांधल्या व्हत्या ना. बैलाच्या घंटा, आज्याच्या येळच्या. दोन दिसात चोरीला गेल्या. मंग कचरा बांधला. कचरा कोण नेते?" आणि त्या ओरखडलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "तुमीच पहिल्या."

फुलाबाईला हसू आलं नाही. "तुमास्नी हासू येऊन राहिलं बापू. उद्या शंकर येऊन राहिला."

शंकर बापूंचा एकुलता मुलगा. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. बापाला आपल्याकडे नेऊन ठेवायचं असं तो कधीचा म्हणत होता. बापू तयार नव्हते. शेवटी दोघांत ठरलं होतं, की बापू ज्या दिवशी वाट चुकतील त्या दिवशी मुकाट्यानं हिंगोलीला जातील.

"खोलीत बसून काय ऐकू म्या? शेजारची गिरणी?" बापू म्हणाले. आता आवाज बारीक झाला होता.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं, "बापू, मी कापलं ते. गाठी दिसल्या होत्या, तरी कापलं." माफी मागायची मला सवय नाही, घरी विचारा. पण त्या दिवशी शब्द शोधावे लागले नाहीत.

त्यांनी हात पुढं करून माझं मनगट चाचपलं. "कैची हाय का अजून?"

"आहे."

"तर मंग सुतळी कापायला कामाला येते. चला."

पोती

तांड्यासमोर, सिमेंटच्या हत्तींच्या पायाशी, उरलेली नऊ पोती आम्ही पुन्हा ओतली. आदल्या दिवशी वेचलेला कचरा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं जमिनीवर पसरण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असं कुणी भविष्य सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. बापू लिंबाखाली बसले. मी एकेक पाकीट त्यांच्या कानाशी धरून चुरगाळायची, शालू आणि फुलाबाई बाजूला लावायच्या.

"हे न्हाई. हे जत्रंतलं. हे बी न्हाई. हां, ही पुडी मपली, आवाज बसलाय तिचा. हे दूध. व्हय व्हय, दूधच."

फीत सापडली, गुंता होऊन. शालूनं ती लोकर सोडवावी तशी तासभर बसून सोडवली. फुलाबाईनं सगळ्यांना ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. मी हात धुवायला उठले तर ती म्हणाली, "बसा. कचरा बी आमचाच हाय आन भाकर बी." आमच्याकडे असं कुणी म्हटलं असतं तर मला तो टोमणा वाटला असता. तिनं ते इतकं सरळ म्हटलं की मी बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या.

तीन आवाज जमले. चौथा मिळेना. खदानीपाशी बांधलेली मोठी पाकिटं जळलेल्या पोत्यांत गेली होती. आम्ही दुसरी वीस पाकिटं वाजवून दाखवली. एक हलका, एक ओला, एक दुधासारखाच. बापू मान हलवत राहिले. "तिथं जोरात वाजाया पायजे. तिथं खाली खड्डा हाय."

ऊन कललं होतं. शालूनं थैलीतून भडंगाचं पाकीट काढलं, कुणी चहाबरोबर खाईल म्हणून. ते तिनं फाडायला घेतलं आणि बापूंनी मान वळवली.

"थांबा. ते काय हाय?"

"भडंग आहे बापू. चुरमुरे. सांगलीहून आणलेत."

"खायाचं न्हाई ईचारलं. वाजवा."

शालूनं पाकीट चुरगाळलं. जाड, कडक, खर्रकन वाजणारं. बापू म्हणाले, "हे!" पण रिकामं केल्याशिवाय बांधता येईना. मग आम्ही चौघांनी, आणि तमाशा बघायला जमलेल्या निम्म्या तांड्यानं, तिथंच बसून आधी एक, मग दुसरं अशी तीन पाकिटं फस्त केली. बापूंना तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मूठ पुढं येतच होती.

दिवस मावळायच्या आत चारही वळणं बांधून झाली. गाठी बापूंनीच मारल्या. मी फक्त सुतळी कापून दिली. खदानीच्या बोरीला तीन पाकिटं बांधून झाल्यावर त्यांनी ती काठीनं हलवली, ऐकली आणि म्हणाले, "हिचं नाव सांगली. सांगली आली का उजव्या हाताला."

शंकर

मंगळवारी शंकर आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. बापाच्या गालावरचे ओरखडे त्यानं पाहिले आणि काही न विचारता घरात जाऊन त्यांचं गाठोडं बांधायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, त्यांची नव्हे, हे दोनदा सांगितलं.

"बाई, चूक कुणाची का असंना. आज तुमी नेलं, उद्या डुकरं नेतील. खदानीत पडल्यावर काय करू म्या?" तो रागानं बोलत नव्हता. घाबरला होता. त्याचंही बरोबरच होतं.

बापू उठले, काठी घेतली. "चाल मागून. हात लावू नको. चुकलो तर हितूनच येतो हिंगोलीला."

पुढं बापू, मागं शंकर, त्याच्या मागं मी आणि शालू. पुड्या खुळखुळल्या, बापू वळले. दूध फटफटलं, वळले. फितीखालून जाताना त्यांनी मान किंचित वर केली. देवळापाशी एकदा हात जोडले. आणि उतार सुरू झाल्यावर वारा पडला.

अगदी पडला. पान हलेना. बापू चालत होते, खदान जवळ येत होती आणि बोरीवरची आमची तीन पाकिटं निपचित लोंबत होती. शंकरनं एक पाऊल पुढं टाकलं, त्याचा हात बापाच्या दंडापाशी गेला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी पदर तोंडात धरला.

बापू थांबले. नुसते उभे राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी काठी उचलली, डोक्यावर डावीकडे फिरवली. काही नाही. अर्धं पाऊल पुढं सरकून पुन्हा फिरवली. खर्रर्र.

"सांगली," बापू म्हणाले आणि उजवीकडे वळले.

शंकरचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं त्याच हातानं तोंड पुसलं. बापू खाली ज्वारीत उतरून डबा वाजवायला लागेपर्यंत तो तिथंच उभा होता. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, असं पाकीट अजून हाय का एखादं? जरा अल्याडबी एक बांधून ठेवतो."

सहापैकी तीन उरली होती. तिन्ही दिली.

परत

निघताना बापूंना भेटायला शेतावर गेले. त्यांनी हरभऱ्याचे हिरवे डहाळे उपटून माझ्या ओच्यात घातले. मी पुन्हा एकदा माफी मागायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"एक सांगू का? जत्रा झाल्यापासून लई गोंगाट व्हता वाटंवर. सगळीकडंच वाजायचं, मपलं कोणतं अन् जत्रंचं कोणतं, कळंना. रोज तकलीफ व्हायची. तुमी साफ केलं तवा आता नीट ऐकू येऊन राहिलं." मग म्हणाले, "पण आदी ईचाराचं."

मी गाडीत ते डहाळे सोलत सोलत घरी आले. शेजारचा प्रवासी टरफलांकडे बघत होता. ती मी पर्समध्ये भरली.

कचरा मी अजूनही उचलते. फक्त गाठ दिसली की थांबते आणि आजूबाजूला कुणी आहे का बघते. या शहाणपणाबद्दल बापूंचे, फुलाबाईचे आणि ज्यानं मला भजी बांधून दिली त्या हॉटेलवाल्याचेसुद्धा आभार मानायला हवेत. मी ज्यांचा कचरा उचलायला गेले त्यांनी मला घरच्यासारखं वागवलं, आणि तेही मी त्यांची वाट मोडल्यावर.

पुढच्या वर्षी शिवरात्रीच्या सुमाराला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शंकरचं.

"बाईंना रामराम. बापू ठीक आहेत, राखणीला जातात. सांगली फाटली. दुसरी पाठवा. बापू म्हणतात, भरलेली पाठवली तरी चालेल."

मी सहा पाकिटं आणली, कापडात शिवली, वरून सुतळी बांधली. दोन वेढे घेऊन, टोक आत दाबून, सावकाश. माझ्याच जुन्या खिडकीवर पार्सल दिलं. आतली नवी मुलगी पत्ता वाचता वाचता थांबली. पत्त्याखाली मी एक ओळ जास्तीची लिहिली होती, ती काय आहे म्हणून तिनं विचारलं.

"गाठ सोडावी, कापू नये," मी तिला वाचून दाखवलं.